गुऱ्हाळाचा मास बॅलन्स जुळत नाहीये, १४० किलो गेले कुठं?

केडगावचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात हॉस्टेलला राहतो. मिनी प्रोजेक्टला मामाच्या गुऱ्हाळाचा मटेरियल आणि एनर्जी बॅलन्स घेतलाय, म्हणजे जेवढं वजन आणि उष्णता आत गेली तेवढी बाहेर आली का याचा हिशोब. वर्गातल्या बाकी पोरांनी नेटवरून रेडीमेड डिस्टिलेशन कॉलम उचललेत, मला वाटलं आपण स्वतः काहीतरी मोजू, म्हणून शनिवारी सकाळची दौंड लोकल पकडून गेलो आणि एक आख्खं आदण, म्हणजे रस काहिलीत चढवल्यापासून गूळ वाफ्यात (गार करायच्या खड्ड्यात) ओतेपर्यंत, धुरात उभं राहून वहीत लिहिलं. आणि आता हिशोब जुळत नाहीये म्हणून इथं रडतोय.

आकडे देतो. ऊस १६०० किलो, हा वजनकाट्याच्या पावतीवरचा. रस ९०० लिटर, हौदाची लांबी-रुंदी टेपने घेतली आणि खोली काठी बुडवून. ब्रिक्स २० (म्हणजे रसात वजनाने २० टक्के विरघळलेलं घन, बहुतेक साखरच), मोजायला कॉलेजचा हँड रिफ्रॅक्टोमीटर नेला होता. चिपाड ५६० किलो, मोळ्या बांधून स्प्रिंग काट्याला टांगून. गूळ १७८ किलो. चुलवाणात जाळलेलं सुकं चिपाड ४०० किलो, २० मोळ्या.

आता ९०० अधिक ५६० म्हणजे १४६०, ऊस १६००. घाण्यातच १४० किलो गायब!! पुढं रसातून पाणी ७२२ किलो उडालं असं धरून उष्णता काढली तर १८८० मेगाज्यूल येते, आणि बगॅसचं (म्हणजे चिपाडाचंच) उष्मांक मूल्य, किलोभर जाळल्यावर मिळणारी उष्णता, ७.५ मेगाज्यूल प्रति किलो धरलं तर ४०० किलोचे ३००० मेगाज्यूल, म्हणजे एफिशियन्सी ६३ टक्के. गाइड सर हसले, म्हणाले मामाच्या चुलवाणाला बॉयलरची एफिशियन्सी कशी काय रे? पुढच्या गुरुवारी रिव्ह्यू आहे. वाचवा.

सदाशिवी_शंका
१४० किलो ऊस ट्रॉलीतून उतरवताना गावातल्या पोरांनी ओढून खाल्ला. प्रश्न सुटला. पुढचा घ्या.

कुरकुंभ_नाइटशिफ्ट
थांब रे पोऱ्या, पहिली चूक इथंच आहे, तू लिटर आणि किलो एकत्र बेरजेला घेतलेस. ९०० लिटर रस म्हणजे ९०० किलो कसा होईल, २० ब्रिक्सचा रस पाण्यापेक्षा जड असतो, घनता १.०८३ च्या आसपास. म्हणजे ९७५ किलो. झाले ना लगेच ७५ किलो जमा. आमच्याकडं नवीन ट्रेनी आला की हमखास हेच करतो, टँकच्या लेव्हलवरून लिटर काढतो आणि बॅच शीटच्या किलोच्या रकान्यात टाकून मोकळा होतो. वस्तुमान जमा होतं बाबा, आकारमान होईलच असं नाही. लिटरभर पाण्यात लिटरभर अल्कोहोल ओत, दोन लिटर भरत नाही ते, कमीच भरतं.

केडगावचा_पोऱ्या
दादा थँक्यू 🙏 म्हणजे ९७५ + ५६० = १५३५. अजून ६५ किलो राहिले.

निवृत्त_मास्तरीण
बाळ, मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, म्हणून जरा मास्तरकी करते, सहन कर. तू थेट बेरजेला लागलास, चौकट कुठंय? आधी कागदावर एक चौकट आख, तिला नाव दे, "घाणा". चौकटीत काय शिरलं, काय बाहेर पडलं, आणि कधी. हे "कधी" सगळे विसरतात. मला सांग, चिपाड तोललं कधी? घाण्यातून पडता पडता तोललं की नंतर?

केडगावचा_पोऱ्या
मॅडम, शनिवारी रस आणि ऊस यातच गुंतलो होतो, काटा एकच होता आणि तो गुळाला लागत होता. चिपाड रविवारी सकाळी तोललं. रात्रभर अंगणात पसरलेलंच होतं. असं ताजं ताजंच होतं तसं.

निवृत्त_मास्तरीण
"तसं ताजंच". हं.

मग बघ. घाण्याच्या चौकटीतून शनिवारी ओलं चिपाड बाहेर पडलं, आणि तू तोललंस रविवारचं. ती चौकट वेगळी, तिचं नाव "अंगण". अंगणात चिपाड शिरलं आणि बाहेर पडलं चिपाड अधिक वाफ. ओलं चिपाड किती असणार? १६०० वजा ९७५, ६२५ किलो. पण हे वजाबाकीने आलंय, म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस, ताळा करून बघ. उसात तंतू साधारण १३-१४ टक्के असतात, म्हणजे १६०० किलोत २१६ धरू. उरलेला ४०९ किलो म्हणजे चिपाडातच अडकलेला रस, त्यालाही ढोबळमानाने २० ब्रिक्सच धर, त्यात ८२ किलो घन आणि ३२७ किलो पाणी. ३२७ भागिले ६२५, बावन्न टक्के ओलावा. ताज्या चिपाडाचा ओलावा पन्नाशीच्या आसपासच असतो. बसलं. रात्रीतून त्यातलं ६५ किलो पाणी उडालं आणि ओलावा ४७ वर आला, हेही पटण्यासारखं आहे.

तुझे ६५ किलो कुणी खाल्ले नाहीत, मामांच्या अंगणातून वर गेले.

सदाशिवी_शंका
पोरांची माफी मागतो.

केडगावचा_पोऱ्या
मॅडम काय भारी!! पण मग आता पुढची गंमत. तुम्ही घन म्हणालात म्हणून घन पदार्थांचा हिशोब केला. रसात ९७५ चे २० टक्के म्हणजे १९५ किलो घन. गुळात पाणी ५ टक्के धरलं तर १७८ किलो गुळात १६९. २६ किलो घन गायब. साखर तर अंगणात उडत नाही ना?

कुरकुंभ_नाइटशिफ्ट
मळी काढली नाही का काय? रस तापला की वर जो काळा हिरवा फेस येतो तो झाऱ्याने ओढून बाहेर टाकतात, तो कुठं लिहिलास?

केडगावचा_पोऱ्या
काढली की. ४ बादल्या, गुरांना गेली. तोलली नाही. बादली साधारण १५ किलो म्हणजे ६० किलो. त्यात घन किती धरू?

निवृत्त_मास्तरीण
मोजलं नसशील तर २५ टक्के धर, आणि शेजारी लिही की हे धरलेलं आहे. १५ किलो घन गेलं. उरले ११. आता मला गुऱ्हाळाची पद्धत सांग, रस काहिलीत गेल्यापासून काय काय आत पडतं आणि काय काय बाहेर निघतं, अगदी चमचाभर असेल तरी सांग.

केडगावचा_पोऱ्या
आत: भेंडीचं पाणी, म्हणजे रानभेंडीची खोडं ठेचून चिकट पाणी करतात ते, एक हंडा, १५ लिटर. चुन्याची निवळी अर्धा तांब्या. शेवटी उतू जायला लागलं की फेस बसवायला गोडेतेल दोन चमचे.
बाहेर: मळी. गूळ. वाफ. बस.

थांबा. काकवी!!! मधेच अण्णांनी (आमचे गुळवे) काकवीचा, म्हणजे गूळ व्हायच्या आधीच्या पातळ पाकाचा, एक डबा काढला होता, मामीच्या माहेरी द्यायचा होता. पंधरा किलोचा तेलाचा डबा. मी त्या वेळी चहा पीत होतो.

काकवी ७५ ब्रिक्स धरली तर १५ किलोत ११.२५ किलो घन. बेरीज १६९ + १५ + ११.२५ = १९५.२५!!! जुळलं!!!! 🥳

वाफेचा_हिशोबनीस
इतकं चोख जुळलं की मला भीती वाटते. मी बॉयलरवाला आहे, मधे बोलतो, माफ करा. पंधरा किलोचा डबा हा *तेलाचा* पंधरा किलोचा रे. तेल पाण्यापेक्षा हलकं, ०.९१ घनता, म्हणजे डबा साडेसोळा लिटरचा. त्यात ७५ ब्रिक्सची काकवी काठोकाठ भरली तर घनता १.३८ धरून २२ किलोच्या वर जाते. डबा भरलेला होता का?

केडगावचा_पोऱ्या
मामाला फोन केला. गच्च भरलेला. उचलताना मामीच्या भावाने कमरेला हात लावला होता म्हणे.

वाफेचा_हिशोबनीस
मग २२ किलो, घन साडेसोळा. बेरीज २०० च्या पुढं गेली, म्हणजे आता आत आलेल्यापेक्षा पाच साडेपाच किलो घन जास्त बाहेर आलं.

केडगावचा_पोऱ्या
😭 आत्ता तर जुळलं होतं.

निवृत्त_मास्तरीण
रडू नकोस, ही आधीपेक्षा चांगली अवस्था आहे. तुझा रिफ्रॅक्टोमीटर अर्ध्या ब्रिक्सने इकडेतिकडे वाचणारच, काचेवर घामाचा थेंब पडला तरी वाचेल. अर्धा ब्रिक्स म्हणजे ९७५ किलोत जवळजवळ ५ किलो घन. मळीतलं २५ टक्के आपण हवेत धरलंय. गुळातलं पाणी ५ ऐवजी ६ असेल तर आणखी पावणेदोन किलो. एवढ्या मोजमापांवर २०० किलो घनात ५ किलोंनी चुकणं म्हणजे बॅलन्स जुळलाच असं समज. परीक्षेच्या पेपरात उत्तर तंतोतंत येतं कारण पेपर काढणाऱ्याने उत्तरापासून सुरुवात केलेली असते.

आणि एक बारीक गोष्ट. तू मगाशी "साखर" म्हणालास. साखरेचा बॅलन्स मांडू नकोस, घनाचा मांड. तापवताना रस जरा आंबट असेल, किंवा ऊस तोडून दोन दिवस पडलेला असेल तर साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि त्यात पाण्याचा एक रेणू ओढला जातो, ३४२ भाग साखर अधिक १८ भाग पाणी, ३६० भाग. म्हणजे साखर घटते, घन किंचित वाढतं, कार्बन मात्र होता तेवढाच राहतो. रासायनिक क्रिया होते तिथं संयुगांचा हिशोब आत-बाहेर जुळत नसतो, मूलद्रव्यांचा जुळतो. गुळव्यांना हे सूत्र माहीत नसतं पण शिळ्या उसाचा गूळ धरत नाही, मऊ राहतो, हे पक्कं माहीत असतं.

फक्त_सिम्युलेशन
एवढी काठी आणि बादली कशाला, कुठल्याही सिम्युलेटरमध्ये एक एव्हॅपोरेटर ब्लॉक टाक, फीड दे, दहा सेकंदात बॅलन्स.

कुरकुंभ_नाइटशिफ्ट
सिम्युलेटरचा बॅलन्स नेहमीच जुळतो भावा, तोच तर त्याचा दोष आहे. त्याला काकवीचा डबा माहीत नसतो.

आता विषय निघालाच आहे तर माझी एक सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. आधीच्या नोकरीत टोल्युइन (एक उडून जाणारं द्रावक) रिकव्हरी होती. वापरलेलं टोल्युइन डिस्टिल करून परत वापरायचं, जेवढं घटेल तेवढं नवं ड्रममधून घालायचं. मार्च एंडला स्टोअरचा हिशोब निघाला तर महिन्याला चारेक ड्रम जास्त लागत होते. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरने थेट वॉचमनवर संशय घेतला, गेटवर गाड्यांच्या डिक्क्या तपासायला सुरुवात, बिचारा वॉचमन तोंड पाडून बसायचा. मी तेव्हा ज्युनियर. माझ्याकडं काम आलं बॅलन्स काढायचं. प्रॉडक्टमधलं टोल्युइन लॅबकडून घेतलं, तळाच्या रेसिड्यूतलं घेतलं, पाण्याच्या थरातलं घेतलं (टोल्युइन पाण्यात विरघळतं फार थोडं, पण पाणी रोज टनांनी जात असेल तर विचारून घ्यावं), तरी तूट कायम. मग चौकटीला अजून कुठं भोक आहे म्हणून टेरेसवर गेलो, तर व्हेंटला वास. व्हेंट कंडेन्सर म्हणजे बाहेर जाणारी वाफ गार करून परत द्रव करणारं यंत्र, त्याला थंड ब्राइन (मिठाचं पाणी) देणारा व्हॉल्व्ह कुणीतरी मेंटेनन्सला अर्धवट बंद केला होता, तो तसाच राहिलेला. थंडीत कळलं नाही, फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं तसं टोल्युइन वर वर जायला लागलं. व्हॉल्व्ह उघडला, दोन महिन्यांत आकडा जागेवर. वॉचमनला सॉरी कुणी म्हणालं नाही, मी एकदा चहा पाजला.

तर पोऱ्या, बॅलन्समधली तूट ही चोरी नसते दर वेळी, बऱ्याचदा ती तू न काढलेली रेघ असते.

सदाशिवी_शंका
इथं पहिल्या कमेंटला चोरीचा आरोप मीच केला होता. नोंद घेतली.

वाफेचा_हिशोबनीस
चला आता माझा प्रांत, उष्णता. पोऱ्या, पाण्यापासून परत सुरू कर. आत ९७५ रस अधिक १५ भेंडीचं पाणी. बाहेर १७८ गूळ, ६० मळी, २२ काकवी. उरलेली वाफ ७३० किलो.

२५ अंशांवरून उकळीपर्यंत आणायला, २० ब्रिक्सच्या रसाची विशिष्ट उष्णता ३.६८ धर (पाण्याची ४.१९ असते, साखर विरघळली की कमी होते), भेंडीचं पाणी धरून २७४ मेगाज्यूल. ७३० किलो पाणी उडवायला २२५७ किलोज्यूल प्रति किलोने १६४८ मेगाज्यूल. शेवटी गूळ ११८ अंशांपर्यंत नेतात, त्याला किरकोळ ८. एकूण १९३०. म्हणजे तुझा १८८० चा आकडा फार चुकला नव्हता, योगायोगाने. रस तापवायला लागतं त्याच्या सहापट पाणी उडवायला लागतं हे जरा नजरेसमोर ठेव, काहील उकळायला लागली की लोकांना वाटतं झालं काम, खरं काम तिथून सुरू होतं.

एक पुणेरी तळटीप: आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. त्यामुळं पुस्तकातला ११८ हा थर्मामीटरवर तुला ११६ दिसला तर थर्मामीटर फेकू नकोस.

आता लोच्या तुझ्या इंधनात आहे. ७.५ मेगाज्यूल हा आकडा साखर कारखान्यातल्या ओल्या बगॅसचा, ५० टक्के ओलाव्याचा. मामा जाळतात ते उन्हात कडकडीत वाळवलेलं, मोडलं तर कट्कन आवाज येतो तसलं, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास. पूर्ण कोरड्या चिपाडाचं निव्वळ उष्मांक मूल्य साडेसतराच्या पुढं, १० टक्के ओलाव्याला ते १५.६ पडतं. तू वजन सुक्याचं घेतलंस आणि उष्मांक ओल्याचा. ४०० गुणिले १५.६, ६२४० मेगाज्यूल. १९३० भागिले ६२४०, म्हणजे ३१ टक्के. तुझ्या सरांना हसू येणार नाही आता.

केडगावचा_पोऱ्या
निम्म्यावर आली की!! सर खरंच बोलले होते. मग बाकीचे ६९ टक्के?

वाफेचा_हिशोबनीस
चिमणी. किलोभर सुक्या चिपाडाला जळायला साधारण सव्वापाच किलो हवा पुरते, पण चुलवाणाचं तोंड उघडं, गडी मोळी ढकलतो तेव्हा गार हवाही ढकलतो, म्हणून सहज दुप्पट जाते. म्हणजे जळण धरून किलोमागं साडेअकरा किलो धूर. तो चिमणीत ५२५ अंशांनी गेला असं समजलं, १.१ विशिष्ट उष्णतेने, तर ५०० अंशांच्या फरकाला ६.३ मेगाज्यूल. १५.६ पैकी ६.३, चाळीस टक्के थेट आभाळात. उरलेले २९ भिंती, जमीन, चुलवाणाच्या तोंडातून येणारी धग, आणि राखेतला न जळलेला कोळसा यात. चिमणीचं तापमान मी धरलंय, तू मोजून आण. थर्मोकपल (जास्त तापमान मोजायची धातूच्या तारांची जोडी) कॉलेजकडून माग, साधा थर्मामीटर घालू नकोस, फुटेल.

निवृत्त_मास्तरीण
मला यातलं एक फार आवडलं म्हणून मांडते. ६२५ किलो ओल्या चिपाडात कोरडा भाग २९८. तो १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर ३३१ किलो होतो. म्हणजे एका आदणाचा ऊस ३३१ किलो सुकं जळण देतो आणि चुलवाण मागतं ४००. दर आदणाला ६९ किलो तूट! पोरा, मामा पाचट वगैरे काही विकत घेतात का?

केडगावचा_पोऱ्या
मॅडम!!! दर वर्षी हेच रडगाणं असतं, जानेवारीत चिपाड संपतं आणि पाचट, तुऱ्हाट्या, मिळेल ते आणतात. मामा म्हणतात पूर्वी पुरायचं, हल्ली ऊसच तसला नाही.

निवृत्त_मास्तरीण
ऊस तसलाच आहे. वही बघ.

अजून एक, ही गंमत म्हणून. अंगणात वाळताना ६२५ चं ३३१ झालं, २९४ किलो पाणी गेलं. ते पाणी चुलीत उडवावं लागलं असतं तर ७०० मेगाज्यूलच्या वर गेले असते. ते उन्हाने दिले. ओलं चिपाड जाळणाऱ्याला ते बिल स्वतः भरावं लागतं. दिवाळीनंतर अवकाळी पडला की गुऱ्हाळवाले का हैराण होतात ते यात आलं.

फक्त_सिम्युलेशन
ओके, हे आवडलं. पण मग ७३० किलो वाफ उघड्यावर सोडता, त्यात १६४८ मेगाज्यूल आहेत, ती वाफ परत का नाही वापरत? कारखान्यात करतात ना.

वाफेचा_हिशोबनीस
करतात, आणि ती कल्पना जुनी आहे. न्यू ऑर्लिन्सचा नॉर्बर्ट रिलियू, १८४३ मध्ये त्याने बहुपरिणामी बाष्पीभवनाचं पेटंट घेतलं, तेही साखरेच्या रसासाठीच. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला इंधन म्हणून द्यायची, दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो, तिसऱ्यात अजून कमी. एकच उष्णता तीन वेळा राबवायची. आपल्या साखर कारखान्यांत चार-पाच भांड्यांची रांग असते ती त्याचीच नातवंडं. पुण्याजवळ मांजरी गावात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, जमलं तर सरांचं पत्र घेऊन जाऊन बघ, पुण्यात राहून हे न बघणं म्हणजे पाप आहे.

पण उघड्या काहिलीत ते जमत नाही. वाफ हवेत मिसळते, ती गोळा करायला झाकण हवं, झाकण घातलं तर अण्णा मळी कशी ओढणार आणि गोळी कशी बघणार? गुळाची गोळी पाण्यात टाकून बोटाने दाबून बघतात, तो त्यांचा कंट्रोल रूम.

कुरकुंभ_नाइटशिफ्ट
मग वाफ सोडा, धूर पकडा. चिमणीकडं जाणाऱ्या बोगद्यावर दुसरी काहील बसवायची, पुढच्या आदणाचा गार रस तिथं तापत ठेवायचा. उत्तरेकडं तीन-चार काहिलींची गुऱ्हाळं असतात ती याच तत्त्वावर.

वाफेचा_हिशोबनीस
हिशोब करतो. रस तापवायचे २७४ मेगाज्यूल धुरातून आले तर मुख्य जाळाने द्यायचे राहिले १६५६. त्याच ३१ टक्क्यांनी ५३४२ मेगाज्यूल इंधन, म्हणजे ३४२ किलो. ५८ किलो वाचले! ६९ ची तूट ११ वर आली. आणि धुरात आहेत अडीच हजार, आपण मागतोय पावणेतीनशे, म्हणजे फार हावरटपणा नाही. फक्त धूर जास्त गार केला तर चिमणीचा ओढा मरतो आणि सगळा धूर गुळव्याच्या तोंडावर येतो, हे मामांना आधीच सांग.

सदाशिवी_शंका
मी कॉमर्सचा. जमाखर्च, न जुळणारी खतावणी, वॉचमनवर संशय, सगळं आमच्याकडं पण आहे. फक्त आमच्याकडं वाफेला "इतर खर्च" म्हणतात.

केडगावचा_पोऱ्या
अपडेट. रविवारी परत जाऊन आलो, यावेळी स्वतःचा दुसरा काटा घेऊन. ऊस १५८०. रस ड्रममध्ये भरून तोलला, ९५५ किलो. चिपाड घाण्याच्या तोंडाशीच तोललं, हात सोलवटले, ६०८ किलो. बेरीज १५६३. तूट १७ किलो, टक्काभर. त्यातले किती घाण्याशी आलेल्यागेलेल्यांनी प्यायले ते मोजायला ग्लास मोजत बसलो होतो, २३ पर्यंत मोजले मग शाळेची पोरं आली आणि नाद सोडला. सदाशिवी काका, पोरांची माफी परत घ्या.

चिमणीच्या बुडाशी थर्मोकपल लावला, ४८० ते ५९० मधे नाचत होता, मोळी घातली की खाली येतो आणि मग चढतो. मी सरासरी ५४० लिहिलीय.

मामाला ५८ किलोचं सांगितलं. आधी म्हणाले तुझ्या वहीत चिपाड वाचतं, चुलवाणात नाही. मग ४०० आणि ३३१ दाखवलं तेव्हा गप्प झाले, पाचटवाल्याला गेल्या साली किती दिले ते मामीला विचारलं, आणि मामीने आकडा सांगितल्यावर अजून गप्प झाले. गोठ्यामागं एक जुनी काहील पालथी पडलीय, बूड एका जागी गळतं. ती बोगद्यावर बसवायची म्हणतात. वेल्डिंगवाला मंगळवारी येतोय, रिव्ह्यू गुरुवारी, तेव्हा दुसऱ्या काहिलीचे आकडे रिपोर्टमध्ये येणार नाहीत.

निवृत्त_मास्तरीण
नकोच घालूस. ५८ हा "अपेक्षित" म्हणून लिही. आणि चौकटीच्या आकृतीत काकवीचा बाण विसरू नकोस.

कुरकुंभ_नाइटशिफ्ट
काकवीचा बाण माझ्याकडं वळव, मी डबा घेऊन येतो. तेलाचा पंधरा किलोवाला.